शेवटच्या पट्टीमागे

ज्या खोलीत मला दारू सोडवायला ठेवलं होतं, त्या खोलीच्या भिंतीत दारूचीच एक क्वार्टर होती. ती तिथे आहे हे त्या अख्ख्या इमारतीत फक्त मला माहीत होतं, कारण ती भिंत माझ्याच हातची होती.

मी सुतार. लालबागला राहतो. वडील गिरणीत होते, मी लाकडात पडलो. दारू बंद होऊन आता चौदा महिने झालेत. व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशक तांबे मॅडम म्हणाल्या, "विलासराव, लिहून काढा, नवीन येणाऱ्यांना वाचायला देऊ." मी म्हटलं, मॅडम, मी आयुष्यात मापांशिवाय काही लिहिलेलं नाही. तर म्हणाल्या, "मग मापात लिहा." तसा प्रयत्न करतो. ज्याला घाई असेल त्याला एकच सांगतो : घरच्या घरी एकदम सोडायला जाऊ नका. डॉक्टरच्या नजरेखाली सोडा. मी दोनदा घरी सोडली होती आणि दुसऱ्या खेपेला साइटवर फिट येऊन पडलो.

*

ते काम आम्हाला मिळालं तेव्हा मिलिंद जिवंत होता. मिलिंद म्हणजे माझा पॉलिशवाला आणि दोस्त, वरळीच्या बीडीडी चाळीतला. बावीस वर्षं आम्ही जोडीने कामं केली. मी लाकूड उभं करायचो, तो त्यात जीव आणायचा.

परळला एका जुन्या इमारतीचा तिसरा मजला, तिथे हे केंद्र व्हायचं होतं. आर्किटेक्ट बाई तरुण, पण डोकं पक्कं. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "इथे हॉस्पिटल दिसता कामा नये. माणूस खिडकीतून झाड बघेल, लाकडावर हात फिरवेल, पाणी ऐकेल, असं पाहिजे." पाडलेल्या चाळींचं जुनं सागवान त्यांनी शोधून आणलं होतं. गाठी, खिळ्यांची भोकं, सगळं तसंच ठेवायचं. कोपरे गोल. वजन पेलेल अशी खुंटी कुठेही नको. ती का नको ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आणि स्पिरिटचं पॉलिश अजिबात नको, थिनर नको, इथल्या माणसांना तो वास सहन होणार नाही. मिलिंद मान खाली घालून ऐकत होता. बाई गेल्यावर म्हणाला, "विल्या, आपल्याला पण इथेच झोपवून घेतील का रे, काम झाल्यावर?" आम्ही खूप हसलो. दोघांच्याही तोंडाला सकाळीच वास येत होता.

आता ती बाटली. आमच्या गावाकडे जागेला राखणदार असतो. त्याला नारळ, कोंबडा, विडी आणि दारू द्यावी लागते. माझे काका म्हणायचे, "जागेवाल्याक दिल्याशिवाय घराक झोप लागना नाय." हे मी मुंबईत माझ्या पद्धतीने चालवलं. काम संपत आलं की भिंतीवरच्या लाकडाची शेवटची पट्टी बसवण्याआधी तिच्यामागच्या पोकळीत एक सीलबंद क्वार्टर आणि एक विडी ठेवायची. मग पट्टी ठोकून बंद. दादरचे फ्लॅट, गिरगावातली दुकानं, परळची ऑफिसं, कुठेही कधी चुकवलं नाही. मिलिंद बौद्ध, त्याला हे पटायचं नाही. "तुझा राखणदार पण बेवडाच काय रे?" असं विचारायचा. स्वतःबद्दल म्हणायचा, "पंचशीलातली चार पाळतो. पाचवं दारूचं, त्यात नापास."

दारू सोडवायच्या जागेतसुद्धा आपण दारू ठेवतोय, हे त्या दिवशी माझ्या डोक्यातच आलं नाही. खरंच नाही. रिवाज तो रिवाज. कोपऱ्यातली खोली शेवटची होती, पलंगाच्या उशाशी शेवटची पट्टी. तेवढ्यात बाई खाली आल्या म्हणून निरोप आला. मी क्वार्टर मिलिंदच्या हातात दिली आणि म्हटलं, ठेव आणि बंद कर. त्याचे हात त्या वेळी असे थरथरत होते की बाटली पट्टीच्या लाकडावर वाजत होती. सकाळपासून त्याला मिळालेली नव्हती. ते मी बघितलं, आणि तरी देऊन खाली गेलो.

वर आलो तेव्हा पट्टी बसली होती. मिलिंद भिंतीला टेकून बसला होता, घामाने भिजलेला. "दिला तुझ्या राखणदाराला," एवढंच बोलला.

पाच महिन्यांनी तो गेला. लिव्हर. त्याच्या मातीला मी पिऊन गेलो होतो. त्याच्या बायकोने माझ्याकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं.

*

माझा दिवस त्यानंतर वर्षभराने आला. फिट येऊन पडल्यावर साइटवरच्यांनी मला परळच्या हॉस्पिटलात नेलं. बायको सुषमा कामावरून धावत आली. डॉक्टर वयाने माझ्या मुलीपेक्षा फार मोठा नसेल. त्याने विचारलं, "रोज किती घेता?" मी म्हटलं, "कधीतरी. सणासुदीला." सुषमाने माझ्या मागे उभं राहून त्याला बोटं दाखवली. किती दाखवली ते मला दिसलं नाही, पण डॉक्टरचं लिहिणं थांबलं तेवढं दिसलं.

तो म्हणाला, "लिव्हरला सूज आहे. अजून मागे फिरता येईल. पुढच्या वर्षी हेच सांगता येणार नाही." मग सुषमाकडे वळून म्हणाला की जवळच एक चांगलं केंद्र आहे, डॉक्टर असतात, बेड रिकामा आहे, आजच जा. त्याने पत्ता सांगितला, आमचाच तो तिसरा मजला. मी म्हटलं, दुसरीकडे कुठेही टाका. सुषमाला वाटलं मी टाळतोय. ती मनापासून बोलायला लागली की मालवणीवर जाते. म्हणाली, "आता खयच जावचा नाय. थंयच." भिंतीतल्या बाटलीचं तिला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

आणि बेड रिकामा होता तो कोपऱ्यातल्या खोलीतच.

*

पहिले चार दिवस मी नीट सांगू शकत नाही, कारण ते मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतात. जी भिंत मी स्वतः उभी केली ती मला बघायला लागली. सागवानाच्या गाठी, बाईंनी कौतुकाने ठेवलेल्या, त्यांचे डोळे झाले. समोरच्या भिंतीवर पानापानांचा कागद होता, हिरवा, दाट. त्यातली पानं हलायची आणि पानांमागून मिलिंद बोलायचा. शिव्या देत नव्हता. माप विचारायचा. "सहा-तीन का सहा-चार रे?" मी रडत उत्तर द्यायचो. सिस्टरने माझे हात धरून ठेवले होते, आणि दर थोड्या वेळाने सांगत होती, "काका, ते खरं नाही. मी खरी आहे." हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

बाहेरच्या पॅसेजमध्ये छोटा धबधबा होता. त्याचं लाकडी कुंडही माझंच. बरं वाटल्यावर आमच्या गटाच्या बैठकीत एकाने धीर करून विचारलं, "मॅडम, ते पाणी जरा बंद करता येईल का? कोणीतरी सारखं ग्लासात ओततंय असं वाटतं." सगळे इतके हसले की मॅडमनाही हसू आवरेना. प्रत्येकाला तेच वाटत होतं, बोलायची लाज वाटत होती. त्याच दुपारी धबधबा बंद झाला. खिडकीबाहेरचं झाड मात्र खरं होतं, पिंपळाचं, त्याने कोणाला त्रास दिला नाही.

*

दिवस ठरलेला असायचा. सहाला उठणं, व्यायाम, गोळ्या, नाश्ता, बैठक, जेवण. मग दोन ते चार आराम, आणि त्या दोन तासांत मी वाईट वागलो.

खोलीत माझ्यासोबत कामतसाहेब होते. बँकेतून निवृत्त, साठी ओलांडलेले, शुद्ध बोलणारे, त्यांची तिथली दुसरी खेप. दुपारी ते भिंतीकडे तोंड करून झोपायचे. मी पाठ वळवून माझ्या उशाशी असलेल्या त्या पट्टीकडे बघत पडायचो.

सुरुवातीला मी स्वतःला सांगितलं, ती रिकामीच असणार. हात थरथरणाऱ्या माणसाच्या हातात तू भरलेली बाटली दिलीस, तो काय पूजा करत बसेल? प्याला असणार आणि रिकामी ठेवून दिली असणार. हे पटलं की बरं वाटायचं. मग दुसरा विचार यायचा : रिकामी आहे, तर बघायला काय हरकत आहे? नुसतं बघायचं. ज्यांना हा आजार आहे त्यांना या 'नुसतं'चा अर्थ सांगायला नको.

आम्ही स्क्रू आत बुडवतो आणि वरचा खड्डा भुसा नि गम कालवून भरतो, मग रंग जुळवतो. बाहेरच्याला स्क्रू दिसत नाही. त्या पट्टीला सहा स्क्रू होते आणि ते कुठे आहेत ते माझ्या बोटांना माहीत होतं. मी नखाने खरवडायला लागलो. जेवणाच्या वेळी चमचे मोजून घ्यायचे, पण टूथपेस्टच्या ट्यूबचं टोक चेपून मी एक पातं केलं. रोज थोडं थोडं. खाली पडलेला भुसा चाटून टाकायचो, कोणाला दिसू नये म्हणून. हो, चाटून.

रविवारी सुषमा आणि आमची मुलगी मृणाल भेटायला आल्या. मृणाल कॉलेजला आहे. ती बराच वेळ खिडकीत उभी राहून पिंपळ बघत होती. सुषमाने लाकडावरून हात फिरवला. म्हणाली, "आपल्या घरच्यासारखंच आहे, नाही? कपाटाच्या बाजूला आहे ना, तसंच." मी हो म्हटलं आणि दुसरा विषय काढला. तिने माझा हात हातात घेतला, नखांत अडकलेला तांबूस भुसा बघितला, आणि तिच्या पदराच्या टोकाने साफ केला.

*

तेराव्या दिवसापर्यंत चार स्क्रूंची डोकी मोकळी झाली होती.

त्या दुपारी मागून कामतसाहेबांचा आवाज आला. "विलासराव, झोपलात?"

मी हात आखडला. "नाही."

"तुम्हाला कसला आवाज येतो का? कोणीतरी खरवडतंय असा?"

मी त्यांच्याकडे वळलो. ते पलंगावर उठून बसले होते, दोन्ही हातांनी गुडघे धरून. मागच्या खेपेला त्यांना भास झाले होते, ते मला माहीत होतं. त्यांनीच सांगितलं होतं, आणि सांगताना त्यांचं तोंड कसं झालं होतं तेही मी बघितलं होतं.

"नाही बुवा," मी म्हटलं. "मला काही ऐकू नाही आलं."

"रोज येतो. दुपारीच येतो." त्यांनी गुडघे आणखी जवळ ओढले. "म्हणजे परत सुरू झालं माझं."

संध्याकाळी त्यांनी स्वतः जाऊन सिस्टरला सांगितलं. प्रामाणिक माणूस. डॉक्टर आले, त्यांची गोळी वाढली. दुसऱ्या दिवशी ते जेवताना पेंगायला लागले, शब्द जड यायला लागले. त्या दिवशी मी पट्टीला हात लावला नाही, तरी त्यांनी विचारलंच, "आज पण आला ना हो?" आवाज आता त्यांच्या डोक्यात गेला होता. तो मी तिथे घातला होता. तिसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा आला. दाराशी मॅडमशी बोलत होता, की डोक्याचंच असेल तर बाबांना दुसरीकडे हलवू, मोठ्या हॉस्पिटलात. कामतसाहेब आत पलंगावर चप्पल घालून तयार बसले होते. पिशवी मांडीवर.

मिलिंदचे हात मी बघितले होते आणि तरी खाली गेलो होतो. आता परत तेच करत होतो. हे एवढं स्पष्ट मला आधी कधी दिसलं नव्हतं. मी दारापर्यंत गेलो.

"मॅडम, ते वेडे नाहीत. आवाज माझा होता."

*

सगळं सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. राखणदार, क्वार्टर, स्क्रू, पेस्टची ट्यूब. मॅडमनी ऑफिसातून स्क्रूड्रायव्हर मागवला आणि माझ्यापुढे धरला. "तुमची पट्टी आहे. तुम्हीच उघडा. आम्ही सगळे इथेच आहोत."

सिस्टर, कामतसाहेब, त्यांचा मुलगा, मॅडम. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. मी सहा स्क्रू काढले. मनात एकच धोशा, रिकामी असू दे, रिकामी असू दे.

पट्टी निघाली. आतल्या प्लायवर पेन्सिलने मिलिंदच्या हातचं माप होतं, सहा-तीन. बाजूला विडी. आणि क्वार्टर. भरलेली. सील जसंच्या तसं.

मी खालीच बसलो.

बावीस वर्षं मी लोकांना सांगत आलो होतो की मिल्याच्या हातात बाटली देऊ नका, त्याला धीर नाही. त्या दिवशी त्याच्या अंगात कळा येत होत्या, खोलीत दुसरं कोणी नव्हतं, बाटली हातात होती. आणि त्याने ती माझ्या देवाला दिली, ज्या देवावर त्याचा विश्वास नव्हता. चार शीलं पाळतो म्हणायचा. न दिलेलं घ्यायचं नाही, हे त्यातलं दुसरं. मी ते नेहमी थट्टेवारी नेलं होतं.

मॅडमनी बाटली उचलली आणि बाथरूमकडे गेल्या. ओतायचा आवाज आला तसे मी कान झाकले. सिस्टरने येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला.

कामतसाहेबांनी पिशवी खाली ठेवली, चप्पल काढली. म्हणाले, "मी तुम्हाला सरळ विचारलं होतं, विलासराव." मग दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी नाश्त्याला त्यांनी केळं मोडलं आणि अर्धं माझ्या ताटलीत ठेवलं. मी ते सालीसकट हातात धरून बसून राहिलो.

आर्किटेक्ट बाईंना मी नंतर जाऊन भेटलो. माफी मागितली. बाटलीचं सांगितलं, आणि गाठींचं, पानांचंही सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी वही काढली आणि लिहून घेतलं. आता नव्या माणसाला पहिले दिवस ठेवतात त्या खोलीत पानांचा कागद नाही, साधी फिकी भिंत आहे. पलंगाशी बिनगाठीचं लाकूड आहे, ते मी बसवलंय. झाड खिडकीतूनच दिसतं.

*

हे इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण मुंबईत माझ्या हातच्या भिंती पुष्कळ आहेत आणि त्यांचे पत्ते मला पाठ आहेत. दादरला भाजी आणायला गेलो तरी कोणत्या बिल्डिंगमध्ये कितव्या मजल्यावर पलंगामागे काय आहे ते आठवतं. मॅडमना मी सगळे पत्ते लिहून दिले. एक सोडून.

आमची लालबागची राहती खोली मी आठ वर्षांपूर्वी सजवली होती. मिलिंदही होता. कपाटाच्या बाजूची शेवटची पट्टी, तिच्यामागे क्वार्टर, वर सुषमाने कुंकू लावलं होतं. दुसऱ्याच दिवशी दुपारी, घरात कोणी नसताना, मी दोन स्क्रू काढून फट केली, बाटली काढली आणि प्यालो. रिकामी परत आत टाकली, स्क्रू फिरवले, खड्डे तसेच उघडे ठेवून बाहेर गेलो. संध्याकाळी आलो तर खड्डे भरलेले. रंगसुद्धा जुळवलेला. मला वाटलं, मिलिंद येऊन गेला, त्याला कळलं आणि त्याने झाकून घेतलं. त्याला विचारायची माझी हिंमत झाली नाही. तो मेला तेव्हाही मनात तेच होतं, याला माहीत होतं.

केंद्रातून घरी आलो त्याच आठवड्यात मी सुषमाला सांगितलं. ती जमिनीवर बसून कोथिंबीर निवडत होती. मी म्हटलं, "या पट्टीमागची बाटली रिकामी आहे. आपल्या घरच्या राखणदाराचंसुद्धा मी प्यालोय."

तिने मान वर केली नाही. "माका म्हायत होता."

"मिलिंदने सांगितलं?"

"मिलिंद भावोजी खय इले? ते खड्डे मीच भरले. तुमच्या डब्यातलो भुसो नि गम घेतलंय." काडीला लागलेलं पिवळं पान तिने खुडून टाकलं. "मृणाल शाळेतून येवची होती."

आठ वर्षं मी त्या दोन जागांवरून हात फिरवत आलो होतो. काम इतकं साफ होतं की ते मिलिंदचंच, यात मला कधी शंका आली नाही. मी विचारलं, काढू का बाहेर ती? टाकून देतो.

"नको," ती म्हणाली. "थंयच रवांदे. ती खय आसा ता माका म्हायत आसा, तेवढा पुरे."

पट्टी अजून बंद आहे. मी रोज तिच्यासमोर बसून जेवतो.